आजी आठवून रडायची, सातव्यांदा रडूच आलं नाही

व्हॉट्सअ‍ॅपवर एका आईचा मेसेज आला होता, जवळजवळ तसाच देते कारण मी समुपदेशनाचं काम करते आणि थोड्याफार फरकाने हाच मेसेज मला सारखा येत असतो. "मॅडम मुलगी अकरावीला आहे, कुडाळला अ‍ॅक्टिंगच्या क्लासला जाते, मुंबईला ऑडिशनचे व्हिडिओ पाठवते पण सगळीकडून रिजेक्ट, आता नीट जेवत नाही, बोलत नाही, क्लास बंद करू का? बंद केला तर जिवाचं काही करून घेईल अशी भीती आणि चालू ठेवला तर हे असं."

मायलेकींची परवानगी घेऊन लिहितेय, ओळखू येईल असं सगळं बदललंय. मुलीला आपण नुसतं बाय म्हणू.

मालवणकडच्या एका गावातून एसटीने आल्या दोघी, पावसात भिजून. आई खुर्चीत बसायच्या आधीच सुरू झाली. मी तिला बाहेर बसवलं आणि बायला पहिल्यांदा सरळ विचारलं, मरून जावं असं वाटतं का गो तुला? (हे विचारायला आईबाप घाबरतात, विचारलं तर डोक्यात यायचं म्हणून. तसं होत नाही, उलट कुणीतरी विचारलं म्हणून पोरं मोकळी होतात. आणि उत्तर हो आलं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा, रात्रीबेरात्री टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर आहे.) ती नाही म्हणाली, आणि ते नाही मला खरं वाटलं.

मग मी माती खाल्ली. आईने रिजेक्शन म्हटलं म्हणून मीही रिजेक्शन धरूनच बसले. दोन सेशन तिला तेच सांगितलं जे सगळे सांगतात, की एका रोलसाठी व्हिडिओ ढिगाने येतात, त्यात उंची बघतात, वय बघतात, सिरियलीतल्या आईशी चेहरा जुळतो का ते बघतात, आणि नाही निवडलं तर बहुतेक वेळा कळवतसुद्धा नाहीत, नुसतं गप्प, त्या गप्प राहण्यात तुझ्या अभिनयाचे मार्क नसतात. घाई कसली एवढी तेही सांगितलं. पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात नाटकाची पदवी आहे, ती बारावीनंतर, आणि दिल्लीच्या एनएसडीला (राष्ट्रीय नाट्य विद्यालय) किंवा पुण्याच्या एफटीआयआयच्या (फिल्म इन्स्टिट्यूट) अभिनयाच्या कोर्सला तर आधी ग्रॅज्युएट व्हावं लागतं, म्हणजे सोळाव्या वर्षी तुझी गाडी सुटली असं कुणी म्हणत असेल तर त्याला गाडीचं टाइमटेबलच माहीत नाही. ती मान हलवत होती, हो मॅडम, बरोबर मॅडम. इतकी शहाण्यासारखी मान हलवणारी मुलं दिसली की मला आता जरा धास्तीच वाटते.

तिसऱ्या वेळी मला काहीच सुचत नव्हतं म्हणून म्हटलं दाखव बघू ते व्हिडिओ. सात होते. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, हल्ली पहिली ऑडिशन बहुतेक घरूनच असते, त्याला सेल्फ टेप म्हणतात, फोन आडवा लावायचा, तोंडावर खिडकीचा उजेड, मागे साधी भिंत, नाव वय उंची सांगायची, आणि मग दिलेला सीन करायचा, समोरच्याचे डायलॉग घरातलं कुणीतरी वाचतं. इथे आई वाचत होती, बापाचे डायलॉग वाणसामानाची यादी वाचल्यासारखे. मागे पत्र्यावर पाऊस.

पहिल्या सहा व्हिडिओत बाय रडलीय. प्रत्येकात. एक सीन तर नुसता मैत्रिणीला निकाल सांगायचा होता, तोही बरा लागलेला निकाल, तिथेपण डोळ्यांतून घळाघळा. सातव्यात मात्र रडू आलं नाही, ती डोळे मोठे करून बघतेय, ओठ आवळतेय, आणि शेवटी "आई बंद कर" म्हणून व्हिडिओ संपतो. आणि आणखी एक गोष्ट, सगळ्या व्हिडिओत सुरू व्हायच्या आधी ती एकदा उजवीकडे बघते. मी विचारलं तिकडे काय आहे गो?

"आजीची खाट."

मग अर्धा तास ती बोलत होती आणि मी गप्प. आजीनेच वाढवलेली मुलगी, आई सकाळी कामाला जायची. आजी जाऊन तेव्हा आठ महिने झाले होते. क्लासला लागून महिनाभर झाला तेव्हा सरांनी एक एक्सरसाइज घेतला, डोळे मिटा, तुमचं सगळ्यात मोठं दुःख आठवा, त्या खोलीत जा, वास घ्या, आवाज ऐका. ती आजीच्या शेवटच्या रात्रीत गेली, इतकी रडली की थांबेना, आणि सगळ्या क्लासने उभं राहून टाळ्या वाजवल्या. सर म्हणाले हे सोनं आहे, जपून ठेव, प्रत्येक ऑडिशनला वापर. तिने वापरलं. सहा वेळा. मग सातव्यांदा खाटेकडे बघितलं आणि काहीच झालं नाही.

"मॅडम मी आजीला संपवून टाकलं," ती म्हणाली.

रिजेक्शनचं तिला दुःख होतंच, पण मी दोन सेशन ज्या जखमेवर मलम लावत होते ती जखम ही नव्हतीच.

सरांबद्दल सांगते, कारण हे वाचून कुणी त्यांना खलनायक करेल. तरुण मुलगा आहे, हौशी, राज्य नाट्य स्पर्धेत कामं केलेला, रविवारची सुट्टी घालवून पोरांना शिकवतो. एका वर्कशॉपमध्ये त्याला हा एक्सरसाइज मिळाला आणि त्याने पुढे दिला. याला इमोशनल मेमरी म्हणतात. मूळ रशियाच्या स्टॅनिस्लाव्हस्की या नाट्यदिग्दर्शकाचं, पण तो माणूस स्वतःच पुढे यापासून बाजूला सरकला आणि नटाने काय करायचं, कुठली कृती, कशासाठी, तिकडे वळला. स्टेला अ‍ॅडलर नावाची अमेरिकन नटी १९३४ साली पॅरिसमध्ये त्याच्याकडे शिकून आली आणि हेच तिने परत जाऊन सांगितलं, त्यावरून तिकडे हीच पद्धत शिकवणाऱ्या ली स्ट्रासबर्गशी तिचं वाजलं. आणि जो स्ट्रासबर्ग ही पद्धत शेवटपर्यंत धरून बसला तोसुद्धा म्हणायचा की आठवण निदान सात वर्षं जुनी पाहिजे. सात वर्षं! इथे आजीची खाटसुद्धा अजून हलवली नव्हती.

रडू का आटलं याला काही गूढ कारण नाही. एकच आठवण, त्याच क्रमाने, त्याच खाटेकडे बघून पुन्हा पुन्हा काढली की मनाची त्यावरची प्रतिक्रिया बोथट होते. सुक्या मासळीच्या दुकानात बसणाऱ्याला वास येईनासा होतो तसं. म्हणून मासळी कुठे गेली असं होत नाही ना. हेच मी तिला सांगितलं, ती जरा हसली, पण पटलं नव्हतं, ते मला दिसत होतं.

पटवलं दुसऱ्याच माणसाने. त्यांच्या वाडीत एक काका दशावतारात स्त्रीपार्टी करतात, म्हणजे बाईच्या भूमिका, जत्रांचा सीझन सुरू झाला की रात्रीमागून रात्री कुठल्या ना कुठल्या देवळासमोर उभे, द्रौपदी म्हणू नका तारामती म्हणू नका. डायलॉग लिहिलेले नसतात, आयत्या वेळी सुचतील ते, आणि समोर बसलेल्या बायका पदराने डोळे पुसत असतात. मी बायला म्हटलं, काका एवढ्या रात्री रडतात ते कुणाला आठवून, जाऊन विचार. गेली ती विचारायला. काका म्हणाले, "मी खंय रडतंय गो? पदर तोंडार घेतलंय काय समोरची माणसा रडतत. मी रडत बसलंय तर बोलतलो कोण?"

हे वाक्य तिने मला तीनदा सांगितलं.

आणि मग तिने स्वतःच बघितलेलं आठवलं, की पहाटे दहीकाला झाला की काका खोबरेल तेल चोळून रंग उतरवतात, चहा मागतात आणि बैल सोडायला घरी जातात. रंग उतरवणं हा पण कामाचाच भाग आहे, आणि तिला ते कुणी शिकवलंच नव्हतं. सहाही वेळा रडून झाल्यावर ती त्याच खोलीत त्याच खाटेवर पडून राहिली होती. आता ती टेप झाली की न्हाणीजवळच्या दगडावर जाऊन तोंड धुते, स्वतःचं नाव आडनावासकट मोठ्याने घेते आणि काहीतरी खाते. ऐकायला पोरकट वाटेल पण चालतं.

बाकी केलं ते फार नाही. टेपची जागा खोलीतून पडवीत आणली. आजीला अभिनयातून सुट्टी दिली, निदान बारावी होईपर्यंत. सीन हातात आला की आधी मला रडू कसं येईल हे नाही विचारायचं, या मुलीला समोरच्याकडून काय हवंय ते विचारायचं. आईला एकच सांगितलं की टेप झाल्यावर "रडू आलं का, बरं झालं का" विचारू नका, "भूक लागली का" विचारा. सरांना भेटले, आधी जरा चिडले ते, आर्ट कळत नाही तुम्हाला अशा सुरात, मग म्हणाले माझ्या लक्षातच आलं नाही की ताजं आहे. तो एक्सरसाइज त्यांनी लहान बॅचला बंद केलाय.

तर क्लास बंद करू का? या केसमध्ये नाही म्हटलं, कारण रविवारी तिथे जायला तिला आवडत होतं, मैत्रिणी होत्या, आणि सर ऐकणारे निघाले. पण जिथे आईबापाला तालीम बघू देत नाहीत, सीनच्या नावाखाली अंगाला हात लावतात, किंवा रड नाहीतर तू नटी नाहीस असं चारचौघांत म्हणतात तिथून त्याच दिवशी मूल काढा, अंगाला हात लावल्याचं असेल तर मुलांच्या हेल्पलाइनला, १०९८ ला, फोन करा, क्लासची फी बुडाली तरी बुडू दे. आणि पैशाचं एक, या आईलाही मुंबईहून एकाचा फोन आला होता, रजिस्ट्रेशनचे एवढे भरा, रोल नक्की. ऑडिशन द्यायला पैसे पडत नाहीत. पैसे मागितले की फोन ठेवायचा, मुलीला विचारतसुद्धा बसायचं नाही.

शेवटच्या सेशनला मी तिला म्हटलं आजीबद्दल सांग, ती गेली ते सोडून. पानाचा डबा आणला होता तिने, आत अजून काताचा वास. म्हणाली आजी तशी भांडकुदळ होती. माकडं परसातल्या पपया पाडायची तेव्हा आजी काठी घेऊन बाहेर यायची आणि माकडांच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची, माकडांना नावं ठेवलेली होती तिने, त्यातल्या एकाचं नाव आजोबांच्या भावाचं होतं. आणि मग बाय उठली, माझ्या केबिनमधली छत्री घेतली, कंबरेत वाकली, नसलेला पदर खोचला आणि कपाटावरच्या त्या माकडांना अशी काही झोडायला लागली की बाहेर बसलेली तिची आई दार उघडून आत बघायला आली आणि तोंडावर हात ठेवून हसता हसता रडायला लागली.

माझे हात टाळी वाजवायला वर आलेच होते. मी ते मांडीखाली घेऊन बसले.