टेक्सास की न्यू जर्सी : आरोग्यविम्याच्या खटल्यांविषयी तुम्ही विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर

तुमचा प्रश्न मी असा समजते. तुमच्या पतींना एक नोकरी डॅलसजवळच्या प्लेनोमध्ये आणि दुसरी न्यू जर्सीतील एडिसनमध्ये मिळते आहे. तुम्हाला लहानपणापासून टाइप १ मधुमेह आहे. अमेरिकेतील राज्य सरकारेच राष्ट्रीय आरोग्यविमा कायद्याविरुद्ध (अफोर्डेबल केअर अ‍ॅक्ट, म्हणजेच 'ओबामाकेअर') पुन्हा पुन्हा न्यायालयात जातात, हे वाचल्यापासून तुम्हाला दोन शंका सतावत आहेत. हा कायदा उद्या रद्द झाला तर तुम्हाला विमा कोण देणार, आणि कोणत्या राज्यात राहतो याने काही फरक पडतो का? मी २००१ पासून डॅलसच्या एका उपनगरात राहते आणि मलाही टाइप १ मधुमेह आहे, त्यामुळे या खटल्यांचा प्रत्येक निकाल मी स्वतःच्या इन्शुलिनचा हिशोब मनात ठेवूनच वाचलेला आहे.

आधी कायद्यापूर्वीची स्थिती सांगते. २००९ मध्ये माझ्या पतींची नोकरी गेली. आमच्याकडे ग्रीन कार्ड असल्यामुळे देश सोडावा लागला नाही, आणि त्यांनी स्वतःचा छोटा व्यवसाय सुरू करण्याचे ठरवले. जुन्या कंपनीचा विमा कोब्रा कायद्याखाली काही महिने पूर्ण हप्ता भरून चालू ठेवता आला. तो संपत आल्यावर आम्ही खासगी विमा कंपनीकडे अर्ज केला, तेव्हा पतींना आणि मुलाला विमा मिळाला, मला मात्र एका पानाच्या पत्राने नकार आला. त्या काळी टेक्सासमध्ये तो नकार पूर्णपणे कायदेशीर होता. ज्यांना कोणीच विमा देत नसे, त्यांच्यासाठी राज्याची एक वेगळी योजना होती आणि तिचा हप्ता बाजारातील सर्वसाधारण दराच्या दुप्पट असे. तो हप्ता मी २०१३ च्या अखेरीपर्यंत भरला. १ जानेवारी २०१४ पासून विमा कंपन्यांना पूर्वीच्या आजाराचे कारण सांगून कोणालाही नाकारता येईना, आणि त्यासाठी जास्त हप्ताही लावता येईना. माझ्या घरात या कायद्याचा अर्थ एवढा थेट आहे.

आता खटल्यांकडे वळते. राष्ट्राध्यक्ष ओबामा यांनी २३ मार्च २०१० रोजी कायद्यावर सही केली आणि त्याच दिवशी फ्लोरिडाचे अ‍ॅटर्नी जनरल (राज्याचे मुख्य सरकारी वकील) बिल मॅकॉलम यांनी तेरा राज्यांच्या वतीने पेन्साकोला येथील न्यायालयात दावा दाखल केला. व्हर्जिनियाचे केन कुचिनेली यांनी त्याच दिवशी रिचमंडमध्ये वेगळा दावा लावला. पुढे फ्लोरिडाच्या दाव्यातील राज्यांची संख्या २६ झाली आणि त्यांत टेक्सासही होते. येथे आपल्याकडच्या व्यवस्थेशी असलेला एक फरक लक्षात घेतला पाहिजे. महाराष्ट्राच्या महाधिवक्त्यांची नेमणूक राज्यपाल करतात आणि ते सरकारचे वकील म्हणून काम पाहतात. अमेरिकेत बहुतेक राज्यांत हे पद पक्षाच्या उमेदवारीवर, लोकांच्या मतांनी निवडून येण्याचे आहे आणि त्यावरची व्यक्ती पुढच्या पायरीकडे पाहत असते. मॅकॉलम त्या वर्षी गव्हर्नरपदासाठी उभे होते. कुचिनेली २०१३ मध्ये उभे राहिले आणि हरले. टेक्सासचे तेव्हाचे अ‍ॅटर्नी जनरल ग्रेग अ‍ॅबट २०१५ मध्ये गव्हर्नर झाले. वॉशिंग्टन राज्यात तर रिपब्लिकन अ‍ॅटर्नी जनरल रॉब मकेना दाव्यात सामील झाले आणि त्याच राज्याच्या डेमोक्रॅट गव्हर्नर क्रिस्टीन ग्रेगवार यांनी उघड विरोध केला. म्हणजे 'राज्याने दावा केला' या वाक्यात राज्य म्हणजे नेमके कोण, हे दर वेळी विचारावे लागते.

न्यायाचा मुद्दाच नव्हता, असे मी म्हणणार नाही. केंद्र सरकार नागरिकाला एखादी वस्तू, येथे विमा, विकत घेण्याची सक्ती करू शकते का, हा प्रश्न खरा होता आणि त्यावर न्यायाधीशांत प्रामाणिक मतभेद होते. पेन्साकोलाचे न्यायाधीश रॉजर विन्सन यांनी जानेवारी २०११ मध्ये संपूर्ण कायदाच अवैध ठरवला. २८ जून २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी सक्ती टिकवली. विमा न घेणाऱ्याला भरावा लागणारा दंड हा कराचाच प्रकार आहे, असे सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स यांनी मानले. एका मताने कायदा वाचला, एवढेच बहुतेकांच्या लक्षात राहिले.

तुमच्या निवडीच्या दृष्टीने त्या निकालाचा दुसरा भाग अधिक महत्त्वाचा आहे. कायद्याने मेडिकेड ही गरिबांसाठीची सरकारी योजना दारिद्र्यरेषेच्या १३८ टक्क्यांपर्यंत उत्पन्न असलेल्या सर्व प्रौढांना खुली केली होती, आणि जे राज्य हे करणार नाही त्याचा मेडिकेडचा सगळाच केंद्रीय निधी बंद होणार होता. सात न्यायाधीशांनी ही धमकी घटनाबाह्य ठरवली आणि विस्तार राज्यांच्या मर्जीवर आला. दावा करणाऱ्या राज्यांनी खटला गमावला असे म्हणतात, पण हा भाग त्यांनी जिंकला आणि त्याची किंमत आजही गरीब माणसे मोजत आहेत. केंद्र नव्वद टक्के खर्च देत असूनही टेक्सासने हा विस्तार स्वीकारलेला नाही. येथे मुले नसलेल्या धडधाकट प्रौढाला, तो कितीही गरीब असला तरी, मेडिकेड मिळत नाही, आणि उत्पन्न दारिद्र्यरेषेखाली असेल तर बाजारातील (या कायद्याने उभारलेल्या सरकारी विमा बाजारातील) विम्यासाठी अनुदानही नाही. विमा नसलेल्या लोकांचे प्रमाण देशात सर्वाधिक आहे ते याच राज्यात. उलट न्यू जर्सीत रिपब्लिकन गव्हर्नर क्रिस ख्रिस्ती यांनीच २०१३ मध्ये विस्तार मान्य केला, त्यामुळे केवळ पक्षाच्या नावावरून राज्याची पारख करू नका.

तिसऱ्या मोठ्या खटल्याने माझी झोप उडवली होती. (दुसरा खटला विम्याच्या अनुदानावर होता आणि जून २०१५ मध्ये सहा विरुद्ध तीन मतांनी निकाली निघाला.) काँग्रेसने (अमेरिकेच्या संसदेने) २०१७ च्या करकायद्यात विमा न घेण्याचा दंड २०१९ पासून शून्य केला. त्यावर टेक्सासचे अ‍ॅटर्नी जनरल केन पॅक्स्टन आणि विस्कॉन्सिनचे त्याच पदावरील ब्रॅड शिमेल यांच्या पुढाकाराने वीस राज्यांनी फेब्रुवारी २०१८ मध्ये फोर्ट वर्थ येथे दावा केला. दंडच उरला नाही, म्हणून तो कर नाही, म्हणून सक्ती घटनाबाह्य आहे, आणि तिच्यासह सगळा कायदा गेला पाहिजे, असा तो युक्तिवाद होता. केंद्र सरकारने जूनमध्ये पूर्वीच्या आजारांना असलेले संरक्षण न्यायालयात राखण्यास नकार दिला. त्याआधीच कॅलिफोर्नियाचे डेमोक्रॅट अ‍ॅटर्नी जनरल झेवियर बसेरा इतर राज्यांना घेऊन बचावासाठी उभे राहिले होते. त्यांत न्यू जर्सी होते.

१४ डिसेंबर २०१८ च्या शुक्रवारी संध्याकाळी न्यायाधीश रीड ओकॉनर यांनी पूर्ण कायदा अवैध ठरवला. टेक्सासमध्ये पुढच्या वर्षाचा विमा निवडण्याची मुदत दुसऱ्याच दिवशी, शनिवारी संपत होती. त्या रात्री आमच्या मंडळातील तीन घरांतून मला फोन आले आणि तिघांचाही प्रश्न एकच होता : आता अर्ज भरण्यात अर्थ आहे का? मी त्यांना सांगितले तेच तुम्हालाही सांगते. 'कायदा अवैध' असा मथळा दिसला की आधी पाहावे, की अंमलबजावणी थांबवण्याचा आदेश आहे का. त्या निकालात तो नव्हता, आणि महिनाअखेरीस त्याच न्यायाधीशांनी अपिलाचा निर्णय होईपर्यंत स्वतःच्या निकालाला स्थगिती दिली. तिघांनीही अर्ज भरले आणि तिघांचा विमा वर्षभर चालला. तो खटला १७ जून २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयात सात विरुद्ध दोन मतांनी संपला. शून्य दंडामुळे राज्यांचे काही नुकसान होत नाही, म्हणून त्यांना दावा करण्याचा अधिकारच नाही, एवढेच न्यायालयाने म्हटले. दरम्यान विस्कॉन्सिनमध्ये शिमेल निवडणूक हरले होते आणि त्यांच्या जागी आलेले डेमोक्रॅट जॉश कॉल यांनी राज्याला दाव्यातून बाहेर काढले होते. कायदा तोच, राज्य तेच, केवळ पदावरचा माणूस बदलला. या खटल्यांचा पक्षीय स्वभाव याहून स्पष्टपणे मला दाखवता येणार नाही. डेमोक्रॅट राज्येही या वाटेने जातात. ऑक्टोबर २०१७ मध्ये विमा कंपन्यांना मिळणारे एक केंद्रीय साहाय्य थांबले, तेव्हा अठरा राज्यांनी दावा लावला होता. तरीही आजारी माणसाचा विमा वाचवण्यासाठी केलेला दावा आणि तो काढून घेण्यासाठी केलेला दावा यांना मी एका पारड्यात टाकत नाही.

आता तुमच्याविषयी. पतींना एच-वन बी व्हिसावर नोकरी असेल तोवर तुमचा विमा कंपनीकडून येईल. ती योजना तुम्हाला मधुमेहामुळे वगळू शकत नाही, आणि येथे टेक्सास व न्यू जर्सी यांत फारसा फरक नाही. फरक पडतो तो नोकरी गेल्यावर. तेव्हा देशात राहण्यासाठी साधारण साठ दिवस मिळतात, आणि तेवढ्याच दिवसांत विमा बाजारातून नवी योजना घेता येते. त्या काळासाठी कोब्राचा पूर्ण हप्ता भरण्याइतकी रक्कम बाजूला ठेवावी. २०२५ मध्ये झालेल्या कायद्यानुसार २०२७ पासून एच-वन बी आणि एच-फोर (त्यांच्या कुटुंबीयांच्या) व्हिसावरील लोकांना बाजारातील विम्यासाठी केंद्रीय अनुदान मिळणार नाही, पूर्ण किमतीला विमा घेता येईल. हा बदल न्यायालयाने नव्हे, काँग्रेसने केलेला आहे, आणि माझ्या मते तुम्ही खटल्यांपेक्षा त्याचीच काळजी अधिक करावी.

तरीही माझा कौल न्यू जर्सीला आहे. तेथे आजारी माणसाला वैयक्तिक विमा नाकारण्यास १९९० च्या दशकापासूनच बंदी आहे, म्हणजे राष्ट्रीय कायदा उद्या कोसळला तरी तुमच्या पायाखाली राज्याचा स्वतःचा कायदा उरेल. टेक्सासमध्ये माझ्या पायाखाली तसे काही नाही. न्यू जर्सीत २०१९ पासून विमा नसल्यास राज्याचा कर-दंड भरावा लागतो, म्हणून पोहोचल्यापासून एकही महिना विम्याविना जाऊ देऊ नका. प्लेनोत घर स्वस्त मिळेल आणि पगारावर राज्याचा आयकर नाही, हे मला ठाऊक आहे. पण तुमच्या पतींना पुढे स्वतःचा व्यवसाय करायचा आहे असे तुम्ही लिहिले आहे, आणि २००९ मध्ये आम्ही नेमके तेच केले होते.

देकार स्वीकारण्यापूर्वी दोन्ही कंपन्यांकडून विमा योजनेचा तपशील लेखी मागवा. त्यात विमा नोकरीच्या पहिल्या दिवसापासून सुरू होतो की काही आठवड्यांनी, इन्शुलिन पंप आणि ग्लुकोज सेन्सर कोणत्या गटात धरले जातात, आणि विमा पैसे देऊ लागण्याआधी तुम्हाला वर्षाला किती रक्कम स्वतः भरावी लागते, एवढे बारकाईने पाहा. निघताना इन्शुलिन हातातल्या बॅगेत ठेवा आणि सोबत डॉक्टरांचे इंग्रजी पत्र घ्या. पहिला विमा सुरू होईपर्यंत पुरेल एवढा साठा जवळ असू द्या.