पीएच इलेक्ट्रोडचे काचेचे बल्ब वारंवार फुटतात. चुंबकाने सुटणारा होल्डर करता येईल का?

प्रश्न थोडक्यात असा: नवी मुंबईतल्या रबाळ्याच्या एका क्यूसी (गुणवत्ता तपासणी) लॅबमध्ये टायट्रेशन करताना (द्रावण थेंबाथेंबाने घालून मोजताना) पीएच, म्हणजे आम्लता, मोजणाऱ्या इलेक्ट्रोडचा बल्ब बीकरच्या तळाला किंवा काठाला आपटतो आणि फुटतो. होल्डरला चुंबक लावून हे थांबवता येईल का, आणि लावायचा तर किती ताकदीचा?

करता येतं. पण बहुतेकांची सुरुवात इथेच चुकते. बाजारातला सगळ्यात ताकदवान चुंबक आणतात आणि होल्डर घट्ट चिकटवून टाकतात. इथे चुंबकाचं काम धरून ठेवण्यापेक्षा वेळेवर सोडण्याचं जास्त आहे. स्प्रिंग दाबत जाल तसा तिचा जोर वाढतो, म्हणजे धक्का मोठा तितका काचेवर ताण जास्त. चुंबकाचं उलट असतं. अंतर वाढलं की ओढ झपाट्याने कमी होते, त्यामुळे एकदा जागचा हलला की तो पुढे अडवत नाही. काचेला हेच हवं असतं.

दुसरी गोष्ट, जागा पक्की करण्याचं काम चुंबकावर टाकू नका. ते तीन गोळे आणि तीन खाचांवर सोपवा. प्रत्येक गोळा आपल्या खाचेत दोन ठिकाणी टेकतो, एकूण सहा टेकू होतात, आणि प्लेट उचलून ठेवली तरी दर वेळी त्याच जागी बसते. सीएमएमच्या (सुट्या भागांची मापं स्पर्शाने घेणाऱ्या यंत्राच्या) अनेक टच प्रोबमध्ये माणकाच्या टोकाची सुई अशाच चुंबकी जोडावर असते, म्हणून सुई आपटली तर प्रोबऐवजी जोड सुटतो. नवी मुंबईच्या टीटीसी औद्योगिक पट्ट्यातल्या ज्या कारखान्यात सीएमएम असेल तिथे हा जोड हातात घेऊन बघा, निम्मं काम तिथेच समजेल.

आता रचना. सुटणारी प्लेट स्टँडच्या आडव्या हाताखाली लटकवायची नाही, वर ठेवायची. खाली लटकवली तर बाजूचा धक्का सोसेल, पण हात खाली आणताना बल्ब तळाला टेकला की प्लेट उलट आणखी घट्ट बसते आणि बल्ब जातो. वर ठेवलेली प्लेट तशीच वर उचलली जाते.

स्टँडच्या हातावर खालची प्लेट पक्की बसवा: ॲल्युमिनियमची, ७० मिमी व्यास, ८ मिमी जाड, मध्ये २२ मिमीचं भोक. तिच्यात १२० अंशांवर तीन खाचा, प्रत्येक १० मिमी रुंद आणि २.५ मिमी खोल, केंद्राकडे रोखलेल्या आणि बाहेरच्या कडेला मोकळ्या. १० मिमीच्या एंड मिलने (मिलिंगच्या कटरने) एका फेरीत होतात. प्रत्येक खाचेत ५ मिमी व्यासाच्या, १२ मिमी लांबीच्या दोन डॉवेल पिना (गुळगुळीत पोलादी दांड्या) शेजारी शेजारी बसवल्या की गोळ्यासाठी गादी तयार. वरची प्लेट डेल्रिनची (टणक प्लास्टिकची), तीही ७० मिमी व्यासाची आणि ८ मिमी जाड. तिच्या तळाला केंद्रापासून २० मिमीवर ८ मिमीचे तीन बेअरिंगचे गोळे, निम्मे आत रुतलेले. या मापांनी दोन प्लेटमध्ये बरोबर ६ मिमी फट राहते. इलेक्ट्रोडची दांडी साधारण १२ मिमीची असते. वरच्या प्लेटच्या मध्यात १२.५ मिमीचं भोक आणि वर नायलॉन स्क्रूची कॉलर, बोटांनी आवळण्याइतकीच. खालचं भोक मुद्दाम मोठं ठेवलंय, म्हणजे प्लेट कलली तरी टोकाला तीनेक सेंटीमीटर सरकायला जागा मिळते.

चुंबक गोळ्यांच्या मधल्या तीन जागांवर, केंद्रापासून २० मिमीवरच: ६ मिमी व्यास, २ मिमी जाड, एन३५ दर्जाचा निओडिमियम पुरेसा. ते खालच्या, म्हणजे न हलणाऱ्या प्लेटमध्ये, पृष्ठभागाशी सपाट. समोर वरच्या प्लेटमध्ये साध्या लोखंडाचे एम६ बोल्ट, वर लॉकनट. एम६ बोल्टचा एक फेरा म्हणजे १ मिमी, त्यामुळे चुंबकाची ओढ स्क्रूड्रायव्हरने कमी-जास्त करता येते. सुरुवात २ मिमी फटीने करा. बोल्ट चुंबकाला कधीच टेकता कामा नये. टेकला की सहा टेकूंची बैठक गेली आणि जोर एकदम अनेक पट झाला. चुंबक उचलायच्या भागात घालण्याचा मोह होतो, पण तसा इलेक्ट्रोड बाकावर ठेवताना लोखंडी स्टँडकडे झेप घेतो. जी काच वाचवायची तीच फुटते.

बोल्ट ‘एसएस’चे मागितले तर दुकानदार ३०४ देईल. ३०४ आणि ३१६ चुंबकाला जवळपास दाद देत नाहीत. गंजू नये असं हवं असेल तर ४३० मागा, आणि विकत घेताना खिशातला चुंबक लावून बघा. गोळे, पिना, बोल्ट मुंबईच्या नागदेवी बाजारात एका फेरीत मिळतात. प्लेट रबाळे-महापे किंवा ठाण्याच्या वागळे इस्टेटमधला कोणताही छोटा मिलिंगवाला करून देईल.

आता ताकदीचा हिशोब. गोळे २० मिमी त्रिज्येवर असले तर केंद्रापासून दोन गोळ्यांना जोडणाऱ्या रेषेचं अंतर १० मिमी. प्लेट याच रेषेवर कलते. तिन्ही चुंबकांची ओढ मिळून ३ न्यूटन आणि प्लेट-इलेक्ट्रोडचं वजन सुमारे १०० ग्रॅम म्हणजे १ न्यूटन धरा. एकूण ४ न्यूटन गुणिले १० मिमी, म्हणजे ४० न्यूटन-मिमी. बल्ब १२० मिमी खाली असेल तर टोकाला ०.३३ न्यूटन, साधारण ३४ ग्रॅमचा आडवा धक्का बसला की जोड सुटतो. धक्का एखाद्या गोळ्याच्या दिशेने आला तर दुप्पट, ६८ ग्रॅम लागतो. म्हणून बीकर ज्या बाजूने सरकवता त्या धक्क्यासमोर दोन गोळ्यांमधली रेषा येईल अशी प्लेट फिरवून बसवा. सरळ खालून वर मात्र ४०० ग्रॅम लागतात, आणि तेच पातळ बल्बला जास्त वाटू शकतात. म्हणजे त्रिज्या मोठी आणि चुंबक हलका हे समीकरण. त्रिज्या लहान ठेवून चुंबक वाढवला तर आडव्या धक्क्याची संवेदना तेवढीच राहील, पण तळाचा दाब दुप्पट-तिप्पट होईल.

हा हिशोब कागदावरचा; फट जराशी बदलली तरी ओढ बरीच बदलते, म्हणून मोजून बघा. इलेक्ट्रोडऐवजी १२ मिमीची काचेची किंवा ॲक्रिलिकची कांडी लावा. साध्या टॉप-पॅन तराजूवर रबराचा तुकडा ठेवा, टेअर करा (आकडा शून्यावर आणा), स्टँडचा हात हळूहळू खाली आणा. प्लेट उचलली जाते त्या क्षणी तराजू जो आकडा दाखवेल तो तळाचा सुटण्याचा दाब, त्यात वजनही आलंच. आडव्या धक्क्यासाठी कांडीच्या टोकाला दोरा बांधून तो पेनच्या गुळगुळीत दांडीवरून खाली सोडा आणि पिशवीत नट टाकत जा. सुटल्यावर पिशवी वजन करा. फट वाढवत, म्हणजे जोर कमी करत न्या. ढवळणं चालू असताना आणि केबल हलली तरी प्लेट जागची हलत नाही एवढा कमीत कमी जोर हवा. केबलमुळे आधीच सुटत असेल तर चुंबक वाढवू नका. केबल स्टँडच्या हाताला क्लिपने बांधा आणि इलेक्ट्रोडपर्यंत सैल वळण ठेवा.

चिकटवायला दोन भागांचं एपॉक्सी, चुंबकाचा निकेलचा थर आधी बारीक पॉलिशपेपरने हलकेच खडबडीत करून. फेव्हिक्विक नको, ते धक्क्याला सोलून निघतं. आपल्याकडच्या पावसाळ्यात, त्यातून फ्यूम हूडजवळ (वाफा ओढून घेणाऱ्या कपाटाजवळ) हायड्रोक्लोरिक आम्लाच्या वाफा असतील तर निओडिमियमचा थर टोचला जातो आणि चुंबक आतून भुगा होतो. चुंबकावरही एपॉक्सीचा पातळ लेप द्या. जून ते सप्टेंबर दर महिन्याला तराजूवरचा आकडा पुन्हा घ्या. आकडा उतरला असेल तर आधी गंज आणि खाचांमधला मळ बघा, मग बोल्ट.

काही जागी हे लावूच नका. विश्लेषक तराजू शेजारी असेल तर चुंबक किमान ३० सेंमी दूर. आतलं वजन तोलणारं यंत्रच चुंबकी असतं. आयसीपीच्या (प्लाझ्माने मूलद्रव्यं मोजणाऱ्या यंत्राच्या) क्वार्ट्झ टॉर्चजवळ आरएफ (उच्च वारंवारितेची) कॉइल आणि प्लाझ्माची उष्णता, तिथे साधा निओडिमियम ८० अंश सेल्सिअसच्या पुढे ताकद गमावतो. १२१ अंशांवर ऑटोक्लेव्ह करायचा भाग असेल तर हाच अडथळा. पेसमेकर असलेल्या सहकाऱ्याच्या छातीपासून सुटे चुंबक लांब ठेवा. मॅग्नेटिक स्टररची भीती मात्र नको: १५ सेंमी वर असलेल्या या बारक्या चुंबकांचा बीकरमधल्या ढवळणाऱ्या स्टरर बारवर परिणाम होत नाही. बार उडून बल्बवर आपटतो तो बहुतेक वेळा वेग जास्त असल्याने. बल्ब बारपासून किमान २ सेंमी वर ठेवा.

जोड सुटला की तसंच पुढचं रीडिंग घेऊ नका. बल्ब उजेडात फिरवून केसासारखी चीर आहे का बघा, ७.०० आणि ४.०१ बफरवर पुन्हा कॅलिब्रेशन करा. २५ अंशांवर आदर्श स्लोप ५९.१६ मिलिव्होल्ट प्रति पीएच असतो. मोजलेला स्लोप त्याच्या ९५ टक्क्यांच्या खाली असेल किंवा आकडा स्थिर होत नसेल तर तो इलेक्ट्रोड बाजूला काढा. फार्मामध्ये असाल तर स्टँडमधला हा बदल चेंज कंट्रोलमध्ये (बदलांच्या अधिकृत नोंदीत) नोंदवा आणि ‘जोड सुटला’ ही नोंद लॉगबुकात वेगळ्या रकान्यात ठेवा. आठवड्याला दोन-तीन नोंदी दिसल्या तर बीकरची उंची किंवा स्टँडचा हात खाली जाताना अडवणारा स्टॉपर चुकतोय, आणि तिथे स्टॉपरचा स्क्रू लावणं चुंबकापेक्षा स्वस्त पडतं.