‘हे म्हणणे खरे आहे की…’ : फॅमिली कोर्टातला पुरावा आणि क्रॉस

यावेळी पत्रं बहुतेक ज्युनिअर वकिलांचीच आलीत, नाशिक शहरातली आणि तालुक्यातली पण. सगळ्यांना उत्तर देणं जागेअभावी शक्य नाही, चार घेतलीत.

प्रश्न : मॅडम, माझी अशील पत्नी आहे, पोटगीचा अर्ज आहे. नवरा दिंडोरी तालुक्यात द्राक्षबागायतदार. कैफियतीत (लेखी उत्तरात) म्हणतो जमीन वडिलांच्या नावावर आहे, मी फक्त हातभार लावतो, महिन्याला आठ हजार सुटतात. पुढच्या तारखेला त्याचा क्रॉस, म्हणजे उलटतपासणी, आहे. सुरुवात कुठून करू? – एक वाचक, दिंडोरी

सुरुवात क्रॉसपासून करूच नका, आधी त्याचं मालमत्ता आणि देण्यांचं शपथपत्र आलंय का ते बघा. रजनेश विरुद्ध नेहा या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने ४ नोव्हेंबर २०२० ला सांगून ठेवलंय की पोटगीच्या प्रकरणात दोन्ही बाजूंनी हे शपथपत्र द्यायचंच, आणि शेतीवर जगणाऱ्यांसाठी त्याचा नमुना वेगळा दिलाय. बरेच जण नोकरदाराचाच फॉर्म भरून देतात, पगार नाही, फॉर्म नंबर सोळा नाही, सगळीकडे ‘निरंक’, आणि समोरचा वकील ते तसंच पुढे जाऊ देतो. तुम्ही जाऊ देऊ नका. शेतीचा नमुना भरून द्यावा असा अर्ज टाका.

मग बँक स्टेटमेंट. इथे नाशिकच्या वकिलाला जे माहीत असायला हवं ते पुण्या-मुंबईच्या वकिलाला कदाचित सुचणार नाही. ऑक्टोबरात छाटणी होते, माल निघतो साधारण फेब्रुवारी ते एप्रिल, म्हणजे व्यापाऱ्याचे पैसे खात्यात येणार ते त्या दिवसांत. नवऱ्याने जून ते नोव्हेंबरचं स्टेटमेंट लावलं असेल तर खातं भिकारी दिसणारच, त्यात फक्त औषधं, खतं, मजुरी गेलेली दिसते. किमान दोन पूर्ण हंगाम मागा. माल युरोपला जात असेल तर प्लॉटची नोंदणी ग्रेपनेटवर, म्हणजे निर्यातीच्या द्राक्षांच्या ऑनलाइन यंत्रणेत असते, आणि ई-पीक पाहणी, म्हणजे सातबाऱ्यावरची पिकाची नोंद, बहुधा शेतकऱ्याने स्वतःच्या मोबाईलवरून केलेली असते. ती कोणी केली, कोणाच्या नंबरवरून केली, हे विचारण्यासारखं आहे. सातबारा, आठ अ, सोसायटीचं पीककर्ज, ट्रॅक्टरचं कर्ज, कृषी सेवा केंद्रातलं उधारी खातं, यातलं जे मिळेल ते आधी हातात घ्या. जे मिळत नाही त्यासाठी साक्षीदार समन्स काढून मागवा. आणि कोर्टाने हजर करायला सांगूनही त्याने कागद दडवले तर कोर्टाला त्याच्याविरुद्ध अनुमान काढता येतं, हे युक्तिवादात सांगायला विसरू नका.

आता क्रॉस. आपल्याकडे साक्ष कशी उतरते ते डोळ्यासमोर ठेवा. तुम्ही कितीही रंगवून विचारलं तरी लेखनिक टाइप करणार, ‘हे म्हणणे खरे आहे की…’ किंवा ‘हे म्हणणे खरे नाही की…’. फॅमिली कोर्टात तर साक्षीचा सारांश उतरवला तरी चालतो, फॅमिली कोर्ट कायद्याचं कलम १५ तसंच आहे. म्हणून प्रश्न लिहितानाच तो या दोन वाक्यांत कसा बसतो ते बघा. ‘बागेतून तुम्हाला भरपूर पैसे मिळतात ना?’ असं विचारलंत की उतरणार, ‘मला बागेतून भरपूर पैसे मिळतात हे म्हणणे खरे नाही.’ संपलं, वाया गेला प्रश्न. त्याऐवजी एका प्रश्नात एकच गोष्ट आणि हातात कागद. व्यापाऱ्याचा आरटीजीएस तुमच्या खात्यात येतो? हो. हे मार्चमधलं स्टेटमेंट दाखवते, ही रक्कम त्याचीच? हो. छाटणीच्या मजुरांना पैसे तुम्ही देता? हो. वडिलांचं वय अठ्ठ्याहत्तर, ते बागेत जात नाहीत? जात नाहीत. साक्षीत उतरलं, ‘हे म्हणणे खरे आहे की व्यापाऱ्याचे पैसे माझ्या खात्यावर जमा होतात. हे म्हणणे खरे आहे की माझे वडील बागेत जात नाहीत.’ ही वाक्यं तुम्ही युक्तिवादात जशीच्या तशी वाचून दाखवणार आहात, क्रॉस त्यासाठीच असतो, साक्षीदाराला घाम फोडायला नाही.

आणि इथे थांबा. ‘मग बाग तुम्हीच चालवता ना?’ हा प्रश्न जिभेवर येतो, सगळ्यांच्याच येतो, पण तो विचारलात की तो म्हणणार वडील घरून सगळं सांगतात, मी सांगकाम्या, आणि आधीच्या चार कबुल्यांना खिंडार पडलं. ‘का’ आणि ‘कसं’ हे शब्द क्रॉसमध्ये जपून वापरायचे. शेवटी मात्र तुमची बाजू त्याच्यासमोर ठेवायलाच हवी, ‘तुम्ही खरं उत्पन्न लपवताय असं माझं म्हणणं आहे’, तो नाही म्हणेल, म्हणू दे. ती सूचना दिली नाहीत तर उद्या समोरचे म्हणतील या मुद्द्यावर आमच्या साक्षीदाराला आव्हानच दिलं नव्हतं.

एक बारीक गोष्ट, टायपिंग चालू असताना स्क्रीनकडे लक्ष ठेवा. ‘खरे आहे’चं ‘खरे नाही’ झालेलं तिथल्या तिथे कोर्टाच्या नजरेला आणून दिलं तर लगेच दुरुस्त होतं, आठ दिवसांनी नक्कल हातात पडल्यावर नाही.

प्रश्न : अशीलाने बायकोचे कॉल गुपचूप रेकॉर्ड केलेत, व्हॉट्सअ‍ॅपचे स्क्रीनशॉट पण ढीगभर आहेत. चालतील का? – एक वकील, सिडको

रेकॉर्डिंगचं उत्तर १४ जुलै २०२५ ला मिळालंय. विभोर गर्ग विरुद्ध नेहा मध्ये सुप्रीम कोर्टाने म्हटलं की नवरा-बायकोच्या आपसातल्या केसमध्ये असं गुपचूप केलेलं रेकॉर्डिंग पुराव्यात घेता येतं. पतिपत्नीतलं बोलणं उघड करायचं नाही असा जो नियम आहे त्याला त्यांच्यातल्याच दाव्याचा अपवाद कायद्यातच आहे. पण आत आलं म्हणजे सिद्ध झालं असं नाही हो. आवाज कोणाचा, छेडछाड झाली का, मुद्द्याशी संबंध काय, हे दाखवावंच लागतं.

स्क्रीनशॉटला भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं, इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र हवं, जुन्या पुरावा कायद्यातलं ६५ ब. १ जुलै २०२४ पासून त्याचे दोन भाग झालेत, भाग अ पक्षकाराचा आणि भाग ब तज्ज्ञाचा, आणि त्यात हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाइल बदलली तर बदलणारा तिचा आकडा, लिहायची असते. जालन्याच्या निवडणूक प्रकरणात, अर्जुन पंडितराव खोतकरांच्या, सुप्रीम कोर्टात २०२० मध्येच ठरलंय की मूळ उपकरणाच्या मालकाने स्वतः पिंजऱ्यात येऊन तेच दाखवलं तर प्रमाणपत्र लागत नाही. म्हणून अशीलाला पहिल्याच भेटीत सांगा, मोबाईल विकू नको, फॉरमॅट करू नको. काही जण म्हणतील फॅमिली कोर्टाला कलम १४ आहे, कोर्टाला मदत होईल असा कुठलाही कागद घेता येतो. खरंय, पण घेणं वेगळं आणि त्यावर विश्वास ठेवणं वेगळं, आणि प्रकरण वर गेलं की हाच मुद्दा पहिला निघतो.

आणि ढीगभर लावूच नका. शिव्यांचे दोनशे स्क्रीनशॉट कोण वाचणार? आठ-दहा निवडा, तारखेच्या क्रमाने लावा, आधीचा-नंतरचा मेसेज कापू नका. कापलेला संवाद समोरच्याने पूर्ण दाखवला तर तुमचा अशील तिथेच खोटा ठरतो.

प्रश्न : फॅमिली कोर्टात वकिलाला उभं राहता येत नाही असं एक पक्षकार म्हणत होते. – सिन्नर

हक्क म्हणून येत नाही, कलम १३. परवानगीचा अर्ज द्यायचा, तो बहुधा मंजूर होतो. वकीलपत्रासोबतच टाका म्हणजे तारीख जात नाही.

प्रश्न : ताब्याच्या केसमध्ये नऊ वर्षांच्या मुलाला वडिलांच्या बाजूने साक्षीदार म्हणून आणायचं म्हणतायत अशील. मुलगा तयार आहे असं सांगतात. – एक वकील, नाशिकरोड

आणू नका. अशील कितीही आग्रह करो. नऊ वर्षांचं मूल आईसमोर उभं राहून आईविरुद्ध बोललं की ते त्याला जन्मभर पुरतं, आणि पढवलेलं मूल जज लगेच ओळखतात, वडिलांचाच तोटा होतो. मुलाचं मन जाणून घ्यायचं असेल तर जज त्याच्याशी चेंबरमध्ये बोलतात, समुपदेशक भेटतात, त्यासाठी विनंती करा. तिथे जाण्याआधी त्याला काय बोलायचं ते कोणी शिकवू नये एवढं अशीलाला ठणकावून सांगा, नाही ऐकलं तर परत सांगा.

वडिलांची बाजू सिद्ध करायला कागद भरपूर असतात, लोक शोधत नाहीत. शाळेच्या पालकसभेच्या रजिस्टरवर सही कोणाची, फी कोणाच्या खात्यातून गेली, लसीकरणाला दवाखान्यात सोबत कोण होतं, रिक्षावाले काका वेळ बदलली की फोन कोणाला करतात. अर्थात हे बघायला गेल्यावर सगळीकडे आईचीच सही निघाली तर तेही अशीलाला केस चालू व्हायच्या आधी समोर बसवून दाखवा, आणि मग भेटीच्या वेळा, सुट्ट्या, मुक्काम यावर बोलणी करायची का ते विचारा.