वाचकांचे प्रश्न : घरातील आठ मिलिमीटरची रिळे डिजिटल करताना

प्रश्न : माझ्या वडिलांनी १९६८ साली आत्याच्या लग्नाचे चित्रण आठ मिलिमीटरच्या फिल्मवर केले होते. त्याची आणि नंतरची काही रिळे घरात आहेत. एक दुकानदार प्रोजेक्टरवर रीळ चालवून भिंतीवरचे चित्र कॅमेऱ्याने टिपून देतो आणि पैसे कमी घेतो. दुसरे एक केंद्र एकेक चौकट (फिल्मवरचे एकेक स्थिर चित्र) स्कॅन करते, पण फुटावर दर लावते. फरक खरोखर इतका असतो का? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : असतो, आणि तो केवळ चित्राच्या स्पष्टतेचा नाही. भिंतीवरचे चित्र टिपताना प्रोजेक्टरच्या झडपेची उघडझाप कॅमेऱ्याच्या वेगाशी जुळत नाही, त्यामुळे चित्र लुकलुकते. मधला भाग भगभगीत उजळ होतो आणि मांडवाच्या सावलीत बसलेली माणसे काळोखात जातात. त्याहून मोठा धोका फिल्मलाच असतो. इतक्या वर्षांत फिल्म थोडी आकसलेली असते, तिच्या कडेची भोके तिला पुढे ओढणाऱ्या प्रोजेक्टरच्या नखांशी नेमकी जुळत नाहीत आणि ती फाटतात. म्हणून ‘एकदा लावून बघू’ हा मोह आपणही आवरावा. चांगल्या स्कॅनरमध्ये फिल्म रुळांवरून पुढे सरकते, दात तिच्या भोकांत अडकत नाहीत, आणि थंड एलईडी प्रकाशात प्रत्येक चौकटीचे स्वतंत्र छायाचित्र घेतले जाते. दर अधिक असला तरी माझे मत निःसंशय याच पद्धतीच्या बाजूने आहे.

रिळे देण्यापूर्वी ती कोणत्या प्रकारची आहेत ते पाहावे. १९३२ सालापासून चालत आलेल्या साध्या आठ मिलिमीटर फिल्मची भोके मोठी असून दोन चौकटींमधल्या रेषेपाशी असतात. १९६५ साली आलेल्या ‘सुपर ८’ची भोके लहान असून चौकटीच्या मध्यासमोर येतात, आणि तिचे चित्र सुमारे दीडपट मोठे असते. केवळ सालावरून अंदाज बांधू नये, कारण १९६८ साली दोन्ही प्रकार वापरात होते. फिल्मच्या कडेने तपकिरी पट्टी दिसली तर तीवर आवाज ध्वनिमुद्रित असण्याची शक्यता आहे. अशी रिळे वेगळी काढून तसे आधीच सांगावे, कारण प्रत्येक स्कॅनर आवाज उतरवत नाही.

आता वेगाविषयी, कारण सर्वाधिक कामे इथेच बिघडतात. साधी आठ मिलिमीटर फिल्म बहुधा सेकंदाला १६ चौकटी आणि ‘सुपर ८’ बहुधा १८ चौकटी या वेगाने चित्रित होत असे, तर आपल्याकडचा व्हिडिओ सेकंदाला २५ चौकटींचा. साध्या आठ मिलिमीटरच्या पन्नास फुटी रिळात सुमारे ४,००० चौकटी असतात आणि मूळ वेगाने ते चार मिनिटे दहा सेकंद चालते. त्याच चौकटी २५च्या वेगाने पळवल्या तर सगळे दोन मिनिटे चाळीस सेकंदांत आटोपते, आणि आपली आत्या बोहल्याकडे चालत न जाता दुडुदुडु धावताना दिसते. म्हणून ‘प्रत्येक चौकट एकदाच घ्या आणि फाइल मूळ वेगाने चालेल अशी द्या’ हे काम देतानाच लिहून द्यावे. इतक्या लहान चित्रासाठी ‘२के’ (आडवे सुमारे दोन हजार बिंदू) स्कॅन पुरेसा आहे; ‘४के’ (त्याच्या दुप्पट) घेतल्यास बहुतांशी फिल्मचे दाणेच मोठे दिसतात. रोज पाहण्यासाठी एमपी४ फाइल ठीक, पण तिच्याबरोबर कमी दाबलेली, म्हणजे चित्राचा तपशील फारसा न गाळलेली, उदाहरणार्थ प्रोरेस या व्हिडिओ-प्रकारची, मूळ फाइलही मागून घ्यावी, कारण रंग सुधारायचे झाल्यास तीच कामी येते.

फाइल हाती आली की चित्र आरशातल्यासारखे उलटे तर आलेले नाही ना, ते तपासावे. फिल्म उलट्या बाजूने लावली गेली की असे होते. दुकानाची पाटी दिसत असेल तर प्रश्नच नाही. नसेल तर बायकांचे पदर पाहावेत : आपल्याकडच्या लग्नात सगळ्यांचेच पदर उजव्या खांद्यावर दिसू लागले, तर चूक स्कॅन करणाऱ्याची आहे.

प्रश्न : आमच्या डब्यातील रिळांना व्हिनेगरसारखा आंबट वास येतो आणि काहींवर पांढरी बुरशी आहे. ती धुवावीत का? (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : पाणी अजिबात लावू नये. चित्र धरून ठेवणारा थर जिलेटिनचा असतो. बुरशीने तो आधीच कमकुवत झालेला असतो आणि पाण्याने सुटून येतो. वरवरची बुरशी मऊ कोरड्या कापडाने, नाकातोंडावर पट्टी बांधून, हलकेच पुसता येते; चिकटलेली गुंडाळी मात्र ओढून सोडवू नये.

वास हा अधिक गंभीर इशारा आहे. फिल्मचा पाया असलेले अ‍ॅसिटेट उष्ण व दमट हवेत विघटित होते आणि त्यातून अ‍ॅसिटिक आम्ल सुटते. हे आम्लच पुढचे विघटन वाढवते, म्हणून एकदा सुरू झालेली क्रिया मागे फिरत नाही, तिची गती तेवढी कमी करता येते. वास येणारी रिळे इतरांपासून दूर ठेवावीत, कारण ती वाफ शेजारच्या चांगल्या रिळांनाही बाधते. हवाबंद डब्यात किंवा प्लॅस्टिकच्या पिशवीत ती कोंडू नयेत आणि उन्हातही घालू नयेत. कोकणातल्या हवेत पावसाळा येण्याची वाट न पाहता हीच रिळे प्रथम स्कॅनला द्यावीत. पुढे फिल्म आकसून वेडीवाकडी झाली की ती स्कॅनरमध्ये सपाट बसत नाही आणि चित्र जागोजागी अस्पष्ट येते.

प्रश्न : डिजिटल प्रत झाल्यावर मूळ रिळे टाकून द्यावीत का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : नाही. पेनड्राइव्ह अचानक बंद पडतो, फिल्म सहसा तसे करत नाही. शिवाय पुढे अधिक चांगला स्कॅन करायचा झाला तर मूळ रीळच लागेल. फाइलच्या दोन प्रती दोन वेगळ्या घरांत ठेवाव्यात आणि वास नसलेली रिळे माळ्यावर न ठेवता घरातल्या सर्वांत थंड, कोरड्या कपाटात ठेवावीत.