पॅकेज सहा लाख, हातात किती?

पत्र थोडक्यात असं: "मी कळव्याला राहतो, रबाळे एमआयडीसीत सुपरवायझर आहे. वर्षाला साडेसहा लाख मिळतात. आम्ही ओबीसी. मुलगी बारावी सायन्स झाली. पीसीएमला ७१ टक्के, इंजिनिअरिंगच्या सीईटीत ८६ पर्सेंटाइल. मेव्हण्याच्या मुलाला ऐरोलीत सहा लाखांचं पॅकेज लागलं, आणि शेजारचा मेकॅनिकल इंजिनिअर वागळे इस्टेटला सतरा हजारांवर जातो. एका एजंटने मॅनेजमेंट कोट्यातून (कॉलेज स्वतः भरतं त्या जागांतून) कॉम्प्युटर इंजिनिअरिंगची जागा सांगितली आहे. फी वर्षाला २ लाख १० हजार, आणि शनिवारपर्यंत पन्नास हजार टोकन. घरचे म्हणतात, एवढं कर्ज कशाला, बीएस्सी आयटी नाहीतर बीकॉम करू दे. कुठल्या पदवीला सुरुवातीला किती पगार, याची यादी द्या, म्हणजे ठरवता येईल."

नमस्कार,

यादीकडे येतेच. आधी मेव्हण्यांच्या मुलाचे सहा लाख बघू, कारण तुमच्या घरातली धुसफूस तिथूनच सुरू झालेली दिसते.

पॅकेज म्हणजे पगार नव्हे. कंपनी त्या मुलावर वर्षभरात जे जे खर्च करणार, किंवा करू असं म्हणते, त्याची ती बेरीज. नुकतंच माझ्यासमोर असंच सहा लाखांचं एक ऑफर लेटर आलं होतं. त्यात ६० हजार 'व्हेरिएबल', म्हणजे कंपनीचं आणि साहेबांचं मन राखलं तर. ५० हजार जॉइनिंग बोनस, तोही वर्षाच्या आत सोडलंत तर परत. उरले ४ लाख ९० हजार, महिन्याला ४०,८३३. त्यातून कंपनीच्या वाट्याचा पीएफ १,८०० आणि ग्रॅच्युइटीचे साडेनऊशे-हजार. ही ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सोडताना मिळणारी रक्कम, कायम नोकरीत साधारण पाच वर्षं काढल्याशिवाय मिळत नाही, आणि आजची मुलं दोन वर्षांत कंपनी बदलतात. मग मुलाच्या वाट्याचा पीएफ १,८०० आणि व्यवसाय कर २००. खात्यात छत्तीस हजार. वाईट नाहीतच, पण पन्नासही नाहीत. आयकराची काळजी नको. नव्या करप्रणालीत पगारदाराला २०२५-२६ पासून पावणेतेरा लाखांपर्यंत कर लागत नाही.

आता कॉम्प्युटर इंजिनिअरिंग केलं की सहा लाख ठरलेलेच, हा समज. टीसीएसचंच घ्या. एकाच कॉलेजातल्या, एकाच बाकावरच्या दोन मुली कंपनीची परीक्षा देतात. एकीला 'निन्जा' मिळतं, वर्षाला सुमारे ३ लाख ३६ हजार. दुसरीला 'डिजिटल', सुमारे सात लाख. पदवी तीच, विद्यापीठ तेच, फी तीच. फरक पडला तो कोडिंग किती येतं यामुळे. मोठ्या भरतीचा हा तीन-साडेतीन लाखांचा आकडा गेली दहा-बारा वर्षं जेमतेम हलला आहे. त्या काळात ठाण्यातलं घरभाडं कुठून कुठे गेलं, ते तुम्हाला सांगायला नको. ३.३६ लाखांचे हातात साडेतेवीस हजारांच्या आसपास येतात. (महाराष्ट्रात महिलांना महिना २५ हजारांपर्यंत व्यवसाय कर नाही. या हिशोबात ढोबळ पगार २५,४०० च्या पुढे जातो, म्हणजे चार-पाचशे रुपयांनी तुमच्या लेकीची सवलत हुकणार. असो.)

या साडेतेवीस हजारांसमोर एजंटची जागा ठेवा. चार वर्षांची फी ८ लाख ४० हजार. दहा टक्क्यांनी, सात वर्षांत फेडायचं म्हटलं तर हप्ता चौदा हजारांच्या जवळ, आणि यात शिकत असतानाचं व्याज धरलेलंच नाही. पहिल्या पगाराचा निम्म्याहून जास्त भाग बँकेचा.

आता तुमची यादी. हे आकडे ठाणे-नवी मुंबईतल्या, माझ्याकडे ऑफर लेटर घेऊन आलेल्या मुलांचे आहेत आणि हातात येणारे आहेत. बीकॉम झालेली मुलगी सीएच्या ऑफिसात किंवा छोट्या कंपनीच्या अकाउंट्सला बारा ते अठरा हजारांवर लागते. टॅली आणि जीएसटी रिटर्न खरोखर येत असेल तर वरच्या टोकाला. इंग्रजी फाडफाड असेल तर तीच मुलगी ऐरोलीच्या कॉल सेंटरला बावीस-पंचवीस हजार मिळवते, रात्रपाळीचे. बीएस्सी केमिस्ट्रीची मुलं तळोजा-तुर्भे पट्ट्यात क्वालिटी कंट्रोलला पंधरा ते वीसवर. बीएस्सी आयटी पंधरा ते पंचवीस. मास मीडिया बारा ते अठरा. आर्किटेक्ट पाच वर्षं शिकून पंधरा-वीसवर सुरू होतात, हे ऐकून पालक माझ्याकडेच संशयाने बघतात.

तुमच्या शेजाऱ्याचे सतरा हजार या यादीत चपखल बसतात. पण त्याला बिचारा म्हणू नका. महापे, रबाळे, ऐरोलीत बंद पडलेल्या कारखान्यांच्या जागी डेटा सेंटर उभी राहताहेत, आणि तिथे चिलर, जनरेटर, यूपीएस सांभाळायला मेकॅनिकल-इलेक्ट्रिकलचीच माणसं लागतात. तो तीन वर्षं मेंटेनन्स नीट शिकला तर मेव्हण्यांच्या मुलाच्या बरोबरीने येऊ शकेल. सुरुवातीच्या आकड्यावरून माणूस जोखायला मी म्हणूनच कचरते.

आणि एक दार असं आहे की पदवी कुठली हे तिथे कुणी विचारतच नाही. सरकारी बँकेत क्लार्कचा मूळ पगार २४,०५० पासून आणि ऑफिसरचा ४८,४८० पासून सुरू होतो, वर भत्ते. बीकॉमला चालतं, बीएलाही चालतं. पण त्या परीक्षांत दोन-तीन वर्षं सहज जातात, कधी हातात काहीच येत नाही. नोकरी करत अभ्यास करायची तयारी असेल तरच त्या वाटेला जावं, असं माझं मत.

तुमच्या पत्रात मला सगळ्यात महत्त्वाची वाटलेली गोष्ट तुम्ही सहज लिहून गेलात: ओबीसी, उत्पन्न साडेसहा लाख, आणि मुलगी. जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने ओबीसी, एसईबीसी (सामाजिक-शैक्षणिक मागास) आणि ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल) घटकांतल्या, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. खासगी विनाअनुदानित कॉलेजातसुद्धा. अट एकच, पण नेमकी तीच एजंट सांगत नाही: प्रवेश कॅप फेरीतून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, झालेला हवा. मॅनेजमेंट कोट्यातून घेतलात की माफी गेली. खासगी अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठांनाही ती लागू नाही. म्हणजे त्याच पदवीसाठी, कदाचित त्याच इमारतीत, तुम्ही आठ लाख भरणार आणि शेजारच्या बाकावरची मुलगी डेव्हलपमेंट फी आणि किरकोळ खर्चात शिकणार.

८६ पर्सेंटाइलला नावाजलेल्या कॉलेजात कॉम्प्युटर मिळणार नाही, हे खरं. पण मुलींसाठी ३० टक्के जागा राखीव असतात, त्यात तुमचा प्रवर्ग. पनवेल, कर्जत, बदलापूरकडची कॉलेजं धरून पसंतीचा फॉर्म लांबलचक भरा. गेल्या वर्षीचे कटऑफ सीईटी कक्षाच्या संकेतस्थळावर कॉलेजवार आहेत, ते समोर ठेवूनच भरा. कॉम्प्युटर नाही मिळालं आणि इलेक्ट्रॉनिक्स मिळालं तरी मी घ्यायला सांगेन. सॉफ्टवेअर कंपन्या भरती करताना बहुतेक वेळा शाखा बघत नाहीत.

कॅपमधून काहीच पटण्यासारखं आलं नाही तर बीएस्सी आयटी. त्यात कमीपणा नाही. विप्रोसारखी कंपनी बीएस्सी-बीसीएच्या मुलांना घेऊन नोकरी करता करता एमटेक करवते. सुरुवातीचे पैसे इंजिनिअरपेक्षा कमी आणि करार पाच वर्षांचा, एवढं मात्र समजून सही करावी. बीकॉमचं म्हणाल तर, हिशोबाची आवड असल्याशिवाय केवळ फी कमी म्हणून सायन्सच्या मुलीला तिकडे वळवू नये. तिला काय आवडतं, हे तुमच्या पत्रात कुठेच नाही. आज रात्री जेवताना विचारा.

या आठवड्यात कागद बघा. जातीचा दाखला असेलच. जात वैधता प्रमाणपत्र, नॉन-क्रीमिलेयर, उत्पन्नाचा दाखला आणि डोमिसाइल यातलं काय नाही ते तपासून अर्ज टाका: वैधतेचा जिल्हा जात प्रमाणपत्र पडताळणी समितीकडे, बाकीचे सेतू केंद्रात. वैधतेला सगळ्यात जास्त वेळ लागतो, आणि फॉर्म भरताना ती नसेल तर निदान अर्जाची पावती हाताशी हवी. प्रवेश झाल्यावर शुल्कमाफीचा अर्ज महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर वेगळा भरावा लागतो. कॉलेज आपणहून भरत नाही.

आणि शनिवारचे पन्नास हजार देऊ नका. एजंट म्हणेल जागा जाईल. जाऊ दे.