दगड झालेलं लाकूड घेण्याआधी

बाळा, आपल्या सोलापूरच्या काळ्या पाषाणात अकीक, गारगोटी मिळते, पण दगड झालेलं खोड शोधत माळ तुडवू नकोस. लाव्ह्यात लाकूड क्वचितच टिकतं. गडचिरोलीत सिरोंच्याकडं वडधमला ते आहे, राजस्थानात आकलला आहे. तिथं बघायचं, उचलायचं नाही.

गड्ड्याच्या जत्रेत कुणी ‘कोट्यवधी वर्षांचं’ म्हणून भाव चढवला तर हसून पुढं जा. नुसत्या वयाला गिऱ्हाईक नसतं. सालीसकट अखंड चकती, ठळक वलयं, लोहामुळं आलेला लाल-पिवळा रंग, भेग नाही, असा नग असेल तर पैसे मोज. करडे, तडकलेले तुकडे नवशिक्याला पॉलिशचा हात बसवायला बरे.

लाकडाची जागा सिलिकानं, म्हणजे गारगोटी ज्याची बनते त्याच द्रव्यानं, घेतलेली असते, म्हणून कठीणपणा १ ते १० च्या मोह्स मापावर ७ च्या आसपास. चाकूनं ओरखडा पडला तर शंका घे. नेलपॉलिश रिमूव्हर लावून कापूस रंगला, तर माल रंगवलेला!

चांगल्या तुकड्याचं लॉकेट होतं, मणी होतात, पुस्तकांना टेकू होतो. मोठ्या चकतीचा टेबलटॉप सुंदर दिसतो, फक्त उचलायला चार माणसं बोलाव. कापताना डायमंड ब्लेड, वर पाण्याची धार आणि तोंडाला चांगला मास्क. ती धूळ फुफ्फुसात बसते, निघत नाही.