नॅस घेतलाय? आधी राउटरकडे बघा

अभिनंदन! नॅस म्हणजे घरच्या नेटवर्कला जोडलेली, घरातल्या सगळ्यांना वापरता येणारी डिस्कपेटी. डिस्क बसवून फोटो टाकायची घाई झाली असेल, पण आधी राउटरमध्ये जाऊन यूपीएनपी ही सोय बंद करा. ती चालू असली की नॅस आपणहून बाहेरच्या जगाला दार उघडून देऊ शकतो. २०२२ मध्ये डेडबोल्ट या रॅन्समवेअरने (खंडणी मागणाऱ्या व्हायरसने) असे इंटरनेटवर उघडे असलेले क्यूनॅप कंपनीचे हजारो नॅस गाठले, फाइली कुलूपबंद केल्या आणि लॉगिनच्या पानावरच बिटकॉइनची मागणी झळकवली. त्यामुळे पोर्ट फॉरवर्डिंग, म्हणजे राउटरमधून बाहेरच्यांना थेट नॅसपर्यंत वाट देणं, नकोच. हिंजवडीच्या ऑफिसातून घरच्या फाइली हव्या असतील तर वायरगार्ड किंवा टेलस्केल ही घरच्या नेटवर्कशी सुरक्षित, खासगी जोडणी करून देणारी सॉफ्टवेअर वापरा.

'अ‍ॅडमिन' नावाचं खातं बंद करून वेगळ्या नावाचं करा, टू-फॅक्टर (पासवर्डशिवाय आणखी एक खात्री, उदा. फोनवरचा कोड) लावा. घरच्यांना साधी खाती पुरतात.

आणि कृपा करून रेडला (एक डिस्क बिघडली तरी माहिती वाचावी म्हणून ती एकापेक्षा जास्त डिस्कवर ठेवण्याच्या सोयीला) बॅकअप समजू नका. एका डिस्कवरून डिलीट केलेला फोटो दुसरीवरूनही त्याच क्षणी जातो. स्नॅपशॉट चालू करा, म्हणजे फाइलींची आधीची स्थिती परत आणता येते. शिवाय एका यूएसबी डिस्कवर प्रत घेऊन ती काढून कोथरूडला मावशीकडे वगैरे ठेवा.

पावसाळ्यात लाइट जाते, म्हणून यूपीएस हवाच. पुण्यातल्या तपकीर गल्लीत घ्याल तेव्हा मागे यूएसबी पोर्ट आहे ना आणि तुमच्या नॅसशी जुळतो ना, ते बघा. त्या पोर्टमधून नॅसला जोडलेल्या केबलमुळेच लाइट गेल्यावर नॅस वेळेत स्वतः बंद होतो.